उपचारात्मक घोडेस्वारी: बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेल्या स्वारांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोड्यावर बसवून फिरवून आणणं आणि ही घोडेस्वारी, यांत फरक काय?

फिरवून आणताना घोडा दुसराच कोणीतरी चालवतो आणि वर बसलेला माणूस घोड्याच्या दृष्टीने नुसतं ओझं असतो. इथे वर बसलेला शिकणारा असतो. घोडा चालवणं, थांबवणं, वळवणं, त्याला खरारा करणं (ब्रशने अंग घासून साफ करणं), खोगीर चढवायला हात लावणं, यांतली प्रत्येक गोष्ट छोट्या छोट्या टप्प्यांत त्याच्या कुवतीप्रमाणे शिकवली जाते. प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं असतं आणि ते लिहून ठेवलेलं असतं. कोणासाठी ते ‘दोन भागांची सूचना ऐकून पूर्ण करणं’ असतं, कोणासाठी ‘वीस मिनिटं हेल्मेट डोक्यावर राहू देणं’, तर कोणासाठी ‘दुडक्या चालीत मांड न सुटू देणं’. तुमच्या मुलाचं उद्दिष्ट काय असं विचारल्यावर केंद्राला नीट उत्तर देता आलं नाही, तर तिथे रपेटच चालते असं समजा. रपेटीत वाईट काही नाही, पण तिला उपचारात्मक म्हणू नये.

हिप्पोथेरपी ती हीच का?

नाही, आणि पालकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. हिप्पोथेरपी फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. त्यात घोड्याची चाल हे त्यांच्या उपचाराचं साधन असतं. रुग्णाला घोडा चालवायला शिकवणं हा हेतूच नसतो, त्याला उलटं किंवा आडवंही बसवलं जातं. उपचारात्मक घोडेस्वारी शिकवतो तो प्रशिक्षित स्वारी-शिक्षक. तो थेरपिस्ट असेलच असं नाही, आणि नसेल तर त्याने तसं भासवूही नये. स्नायूंचा ताठरपणा कमी करणं ही मुख्य गरज असेल तर आधी थेरपिस्टकडे जा. लक्ष देणं, सूचना पाळणं, आत्मविश्वास आणि एखादा छंद हवा असेल तर स्वारी-शिक्षकाकडे.

ही पद्धत आली कुठून?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी ड्रेसाज प्रकारात (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करवून घेण्याच्या स्पर्धेत) रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्यांखालच्या पायांत ताकद नव्हती आणि घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. त्यानंतर युरोपात आणि अमेरिकेत अपंगांसाठी स्वारी-केंद्रं उभी राहू लागली. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन आणि उत्तर अमेरिकेत आज पाथ इंटरनॅशनल नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. सुरुवातीचा भर शारीरिक अपंगत्वावर होता, बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेले स्वार मोठ्या संख्येने नंतर आले.

घोड्याच्या पाठीवर असं काय घडतं, जे खुर्चीवर किंवा चेंडूवर बसून घडत नाही?

घोडा साध्या चालीत चार ठेक्यांत चालतो. त्याचे दोन किंवा तीन पाय कायम जमिनीवर असतात, त्यामुळे चाल संथ आणि सलग असते. मागचा प्रत्येक पाय पुढे येतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे सरकते, डावी-उजवीकडे कलते आणि थोडी फिरतेही. आपण चालतो तेव्हा आपल्या कमरेची हालचाल जवळपास अशीच होते, आणि मिनिटाला साधारण ९० ते ११० अशा हालचाली स्वाराच्या शरीरात पोचतात. तोल सांभाळण्यासाठी शरीर प्रत्येक वेळी बारीकशी दुरुस्ती करत राहतं. डाऊन सिंड्रोममध्ये धडाचे स्नायू बरेचदा सैल असतात, अशा स्वाराला हा व्यायाम ‘ताठ बस’ असं एकदाही न सांगता होतो.

पण बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत आमच्या मते चालीहून मोलाची गोष्ट दुसरी आहे: कृती आणि परिणाम यांतलं अंतर. लगाम मागे घेतला की घोडा थांबतो, आणि लगेच थांबतो. ‘आता थांब’ या शब्दाचा अर्थ महिनोन्‌महिने तक्त्यावर न उमगलेल्या मुलाला तो पाठीखालून कळतो. अर्थात घोडा खरोखर मुलामुळे थांबला असेल तरच. समोर दोर धरणाऱ्याने आधीच थांबवलं, तर मूल काहीच शिकलं नाही.

याला काही पुरावा आहे का?

स्वमग्नतेबाबत आहे, बाकी ठिकाणी कमी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक नियंत्रित चाचणीत ६ ते १६ वयोगटातल्या स्वमग्न मुलांचे दोन गट केले होते. एका गटाने दहा आठवडे स्वारी केली. दुसऱ्या गटाने तबेल्यातच, पण खऱ्या घोड्याशी संपर्क न येता, घोड्यांविषयीचे उपक्रम केले. स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, सामाजिक समज आणि बोलण्यातही सुधारणा दिसली. चिडचिडीतला फरक पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागला. याचा अर्थ स्वमग्नता ‘बरी होते’ असा नाही. स्वारीने बुद्ध्यांक वाढतो असं कोणी सांगितलं तर तिथून निघा.

किमान वय किती? मोठ्या माणसांना शिकता येतं का?

स्वारीसाठी चार वर्षं हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा नियम आहे. त्याआधी मानेला हेल्मेटचं वजन झेपत नाही आणि मांड्याही पुरेशा फाकत नाहीत. कमाल वय नाही. शाळा संपल्यावर करण्यासारखं फारसं न उरलेल्या तिशी-चाळिशीतल्या स्वारांना याचा फायदा बरेचदा लहानांहून जास्त होतो.

अडचण वजनाची येते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त होऊ नये. ४०० किलोच्या घोड्यावर हा आकडा ८० किलो होतो. त्यातून खोगिराचे ८-१० किलो वजा करा. शिवाय तोल न सांभाळणारा स्वार घोड्याला त्याच्या वजनाहून जड पडतो, कारण तो एका बाजूला लटकतो. म्हणून अशा स्वारासाठी १५ टक्क्यांच्या आसपास थांबलेलं बरं. ही मर्यादा पाळणारं केंद्र तुम्हाला ‘नाही’ म्हणालं तर राग मानू नका.

कोणाला बसवू नये?

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांत मानेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यातला सांधा सैल असतो. तो सरकला तर मज्जारज्जूवर दाब येतो. एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. दरवर्षी डॉक्टरांकडून मज्जासंस्थेची तपासणी करून लेखी परवानगी घ्यावी लागते. मधल्या काळात मान दुखणं, डोकं एका बाजूला धरणं, चाल बदलणं, हातांची पकड ढिली पडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही नव्याने दिसलं तर त्याच दिवशी स्वारी बंद करा आणि डॉक्टर गाठा.

आटोक्यात नसलेल्या फिट, निखळलेला खुबा, ठिसूळ हाडं, पाठीच्या कण्याचा मोठा बाक, बसण्याच्या जागी जखम, रक्त पातळ करणारी औषधं या बाबतींत निर्णय डॉक्टरांचा. घोडा किंवा गवत यांची तीव्र ॲलर्जी असेल तर प्रश्नच नाही. आणखी एक गोष्ट पालक संकोचाने सांगत नाहीत: मूल प्राण्यांना मुद्दाम मारत असेल किंवा चावत असेल. ती आधी सांगा. अशा मुलालाही शिकवता येतं, पण सुरुवात कुंपणाच्या बाहेरून करावी लागते.

घोडा कसा लागतो?

शांत, पण मठ्ठ नव्हे. साधारणपणे ८ ते २० वर्षांचा, १३ ते १५ मूठ उंचीचा घोडा सोयीचा पडतो. एक मूठ म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर. उंची याहून जास्त असेल तर बाजूने चालणाऱ्याचा हात स्वाराच्या मांडीपर्यंत पोचत नाही. घोड्याची निवड करताना त्याच्याजवळ किंचाळणं, चेंडू पडणं, छत्री उघडणं, चाकाची खुर्ची सरकणं आणि दोन्ही बाजूंनी माणसं चिकटून चालणं हे सगळं हळूहळू करून पाहिलं जातं. पाय लंगडत असेल तर तो घोडा बाद, कारण चालच बिघडली तर स्वाराला मिळणारी हालचालही वेडीवाकडी होते.

घोडा थकला की तोही सांगतो: कान मागे दुमडणं, शेपूट फटकारणं, तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना चावायला वळणं, चढायच्या जागेपाशी अडून बसणं. या खुणांकडे दुर्लक्ष करून रोज तोच घोडा पाच-सहा तास वापरणारी ठिकाणं आहेत. तिथला ‘शांत’ घोडा बहुतेक वेळा खचलेला असतो.

एका स्वारासोबत किती माणसं असतात आणि कोण काय करतं?

नवख्या स्वारासोबत चार. शिक्षक, घोडा धरणारा, आणि दोन्ही बाजूंनी चालणारे दोन सोबती. स्वार तयार झाला की आधी एक सोबती कमी होतो, मग दुसरा, आणि शेवटी दोर सुटतो. सगळेच स्वार तिथवर जात नाहीत.

घोडा धरणारा घोड्याच्या गळ्याच्या रेषेत चालतो. मोरकीपासून (घोड्याच्या तोंडावरून-डोक्यावरून बांधलेल्या पट्ट्यांपासून) साधारण एक वीत सोडून दोर धरतो. उरलेला दोर दुसऱ्या हातात घड्या घालून असतो, मुठीभोवती गुंडाळलेला कधीच नाही. घोडा उधळला तर गुंडाळलेला दोर बोटं घेऊन जातो. त्याचं लक्ष घोड्यावर असतं, स्वाराशी गप्पा मारणं त्याचं काम नाही.

सोबत्याचा घोड्याकडचा हात स्वाराच्या मांडीवरून आडवा जातो आणि बोटं खोगिराची पुढची कड धरतात. कोपर घोड्याच्या अंगात रुतवायचं नाही, स्वाराच्या मांडीवर भार टाकायचा नाही. हात भरून येतो. तेव्हा घोडा थांबवून सोबत्यांनी एकेक करून बाजू बदलायची. दोघांनी एकदम हात काढला तर त्याच क्षणी स्वार घसरतो. नवीन सोबत्यांची दुसरी सवय म्हणजे दोन्ही बाजूंनी अखंड बोलत राहणं. शिक्षकाने सूचना दिली की सोबत्याने गप्प राहायचं. तीन आवाजांत एकच सूचना ऐकून गोंधळलेल्या मुलाला मग ‘ऐकत नाही’ असं म्हटलं जातं.

सामान कोणतं लागतं?

हेल्मेट घोडेस्वारीसाठीच बनवलेलं हवं, सायकलचं चालत नाही. एएसटीएम एफ ११६३ किंवा तशा मानकाचा शिक्का पाहा. कड भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीचा पट्टा नीट आवळलेला, आणि हेल्मेट हलवलं तर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. ते जोरात आपटलं किंवा पाच वर्षं झाली की बदलायचं.

रिकीब, म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी, सुरक्षित प्रकारची हवी, एका बाजूला रबरी पट्टा असलेली किंवा पुढून झाकलेली. पडताना पाय अडकून फरफटत जाणं हा स्वारीतला सर्वांत वाईट अपघात आहे. लगाम घोड्याच्या तोंडातल्या कडीऐवजी मोरकीलाच जोडतात, म्हणजे स्वाराने हिसका दिला तरी घोड्याचं तोंड दुखत नाही. रंगीत पट्ट्यांचा लगाम फार उपयोगी: ‘हात लाल पट्ट्यावर ठेव’ ही सूचना ‘लगाम आखूड धर’ याहून लवकर कळते. खोगिराच्या पुढे पकडायला एक पट्टा असावा. स्वाराला खोगिराला कधीही बांधायचं नाही, कितीही सुरक्षित वाटलं तरी.

मूल डोक्याला काही लागूच देत नाही. हेल्मेटचं काय करायचं?

हेल्मेटशिवाय स्वारी नाही, यात तडजोड होत नाही. म्हणून हे काम घरी सुरू करा. केंद्राकडून जुनं हेल्मेट मागून आणा. पहिले काही दिवस ते नुसतं खोलीत ठेवा, मग हातात द्या, मग दोन सेकंद डोक्यावर ठेवून मुलाच्या आधी तुम्हीच काढा. मूल रडल्यावर काढलं तर रडण्याने ते निघतं हा धडा मिळतो. वेळ वाढवत पाच मिनिटांपर्यंत आला की पट्टा लावायला सुरुवात करा. पट्ट्याच्या ‘खट्ट’ आवाजाचाच त्रास असतो हे पुष्कळदा उशिरा लक्षात येतं. तो आवाज मुलाच्या हाताने करवा.

चढवतात कसं? तिथे अपघात होत नाहीत का?

होऊ शकतात, चढणं आणि उतरणं हेच सर्वांत जोखमीचे क्षण. क्रम असा:

तंग तपासतात, दोन बोटं जेमतेम जावीत इतका. घोडा फुगून उभा असतो, म्हणून हीच तपासणी काही मिनिटं चालल्यावर पुन्हा करायची. मग घोड्याला उताराच्या चौथऱ्याला अगदी चिकटून आणतात. पलीकडच्या बाजूला सोबती ठोकळ्यावर उभा राहतो. घोडा धरणारा घोड्याच्या समोर तोंड करून थांबतो. शिक्षक स्वाराला चौथऱ्यावरून खोगिराशी आणतो, उजवा पाय पलीकडे टाकायला मदत करतो, सोबती तो पाय हातात घेऊन खाली आणतो. स्वार हळू टेकतो. लगेच चार-पाच पावलं पुढे जाऊन घोडा थांबवतात आणि तिथे रिकिबींची लांबी जुळवतात.

चुका ठरलेल्या असतात. घोडा एक पाऊल बाजूला सरकतो आणि मधे फट पडते. मग स्वाराला ओढून घेऊ नये, मागे आणून घोडा पुन्हा लावावा. स्वाराचा बूट घोड्याच्या पुठ्ठ्याला लागतो आणि घोडा पुढे झेपावतो. किंवा स्वार धाडकन बसतो. असं रोज झालं तर घोड्याची पाठ दुखू लागते आणि काही आठवड्यांत तो चौथऱ्यापाशी यायला नकार देतो.

उतरताना सगळ्यांत आधी दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर. एक पाय आत राहिलेला असताना दुसरा टाकला की पडणं जवळपास ठरलेलं.

एक तासिका कशी असते?

४५ मिनिटं ते एक तास, त्यात प्रत्यक्ष घोड्यावर २० ते ३० मिनिटं. आधी खरारा, मग चढणं, दोन फेऱ्या नुसत्या चालीच्या, हातांचे व्यायाम, मग त्या दिवसाचं एकच नवं कौशल्य, त्यावर आधारलेला खेळ आणि शेवटी घोड्याचे आभार. क्रम दर वेळी तोच ठेवतात. स्वमग्न मुलासाठी चित्रांची पट्टी लावतात आणि झालेलं चित्र मूल स्वतः काढतं.

सूचना तीन-चार शब्दांची द्यावी. मग थांबावं, आणि हे थांबणं शिक्षकाला सर्वांत जड जातं. बौद्धिक अक्षमता असलेल्या स्वाराला ऐकलेलं समजून हाताला कामाला लावायला दहा सेकंदही लागू शकतात. चौथ्या सेकंदाला सूचना पुन्हा दिली की त्याचं गणित पहिल्यापासून सुरू होतं. मनात दहा मोजा, मग खूण करा, मग चित्र दाखवा, आणि अगदी शेवटी हात धरून करवून घ्या. पुढच्या खेपेला याच क्रमात एक पायरी कमी करण्याचा प्रयत्न करा.

मूल घोड्यावर बसल्यावर किंचाळू लागलं तर?

घोडा थांबवा, आवाज खाली आणा, सोबत्यांनी पकड घट्ट करावी. किंचाळणं भीतीचंच असेल असं नाही, पुष्कळ मुलं आनंदानेही तशीच ओरडतात. शरीर सांगतं: आनंदात कंबर सैल असते, भीतीत गुडघे वर येतात आणि बोटं पांढरी पडतात. न बोलणाऱ्या स्वारासाठी ‘थांब’ आणि ‘उतर’ ही दोन चित्रं पहिल्या दिवसापासून खोगिराला बांधलेली असावीत. त्याने ‘उतर’ दाखवलं तर उतरवायचं. एकदा ऐकलं नाही की ते चित्र तो पुन्हा वापरत नाही.

घोडा बुजला किंवा मुलाला फिट आली तर?

एक नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो: घोडा धरणारा घोड्यासोबत राहतो, सोबती स्वारासोबत. बुजलेला घोडा बहुतेक वेळा एक-दोन पावलांत थांबतो, तोवर मांडीवरचा हात पुरतो. नाही थांबला तर डाव्या बाजूचा सोबती स्वाराला कमरेतून आपल्याकडे घेतो, उजवीकडचा त्याचा पाय मोकळा करून वर ढकलतो, आणि घोडा पुढे नेला जातो. याचा सराव सोबत्यांनी स्वार नसताना वरचेवर केला पाहिजे.

फिट आली तर अशाच प्रकारे उतरवून घोड्यापासून लांब कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ मोजायची. पाच मिनिटांहून लांबली तर रुग्णवाहिका बोलवा. त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाही.

उन्हाचा त्रास होतो का?

होतो, आणि त्याचं एक कारण औषधात लपलेलं असतं. फिटसाठी दिली जाणारी टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधं घाम कमी करतात, त्यामुळे शरीर तापत जातं. औषधांची यादी केंद्राला द्या आणि अशा स्वारासाठी सकाळची वेळ मागा.

पालकांनी कुठे थांबावं?

दिसाल, पण मैदानात नसाल अशा ठिकाणी. कुंपणावरून ‘बाळा, इकडे बघ, फोटो!’ अशी हाक आली की मूल वळतं आणि तोल जातो. फोटो शेवटी, घोडा उभा असताना काढा.

स्पर्धा असतात का?

स्पेशल ऑलिंपिक्समध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी घोडेस्वारी आहे. स्वारांचे गट कौशल्याप्रमाणे पाडलेले असतात, फक्त साध्या चालीत स्वारी करणाऱ्यांसाठीही गट असतो. पॅरालिंपिकमधली घोडेस्वारी शारीरिक आणि दृष्टीच्या अपंगत्वासाठी आहे, या दोहोंत गल्लत करू नका.

डॉक्टरांनी बसायला मनाई केली. मग सगळंच संपलं का?

नाही. खरारा करणं, खाणं मोजून देणं, मोरकी चढवणं, दोर धरून घोड्याला खांबांमधून नेणं, यांचाही नीट अभ्यासक्रम असतो. दोर धरून चालवताना घोडा थांबवणं-चालवणं हे सगळं जमिनीवरूनच शिकता येतं. काही जणांना वर बसण्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

टाच असलेले बंद बूट, कारण सपाट तळाच्या बुटातला पाय रिकिबीतून पलीकडे निसटतो. आतून जाड शिवण नसलेली लांब पँट. गळ्यात ओढणी, मफलर किंवा लोंबणारं काही नको. डॉक्टरांची लेखी परवानगी, औषधांची यादी, धनुर्वाताच्या लशीची तारीख. घोड्यासाठी खाऊ आणायचा असेल तर आधी विचारा. हातातून भरवलेला घोडा बोटं हुंगायला शिकतो, म्हणून खाऊ बादलीतून देतात. आणि घरी निघण्याआधी साबणाने हात धुवा.